चीनला निघाले, ठाण्यात मारले गेले
टोलेंटिनोचा थॉमस हा इटालियन फ्रान्सिस्कन साधू. गरिबीचं व्रत कडक पाळा, या हट्टापायी मायदेशी तुरुंगातही गेलेला. साथीदारांसह होर्मुझहून चीनला निघाला आणि १३२१ मध्ये जहाज लागलं ठाण्याला. मुक्काम एका नेस्टोरियन ख्रिस्ती घरात. तिथलं नवरा-बायकोचं भांडण काझीपुढे गेलं, हे साधू साक्षीला ओढले गेले आणि बोलणं धर्मावर घसरलं. त्यातूनच ९ एप्रिलला थॉमस आणि त्याचे साथीदार जेम्स व दिमित्रिअस यांना मारण्यात आलं. आणखी एक साथीदार पीटर याला दोन दिवसांनी. त्यांचा डॉमिनिकन सहप्रवासी जॉर्डेनस यानं त्यांना सोपाऱ्यात पुरलं, अशोकाचा शिलालेख मिळाला, तेच सोपारा. पुढे फ्रान्सिस्कन प्रवासी ओडोरिकनं त्यांच्या अस्थी चीनला नेल्या. थॉमसच्या भक्तीला रोमची मान्यता मिळाली ती १८९४ मध्ये.