स्वेच्छानिवृत्तीतील ‘स्वेच्छा’

३१ जानेवारी २०२० रोजी भारत संचार निगम आणि मुंबई-दिल्लीची सेवा पाहणारे महानगर टेलिफोन निगम या दोन सरकारी कंपन्यांतील ९२ हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांनी एकाच दिवशी सेवेचा निरोप घेतला. पन्नाशी गाठलेल्यांसाठीची ती स्वेच्छानिवृत्ती होती. परंतु ज्यांना आदल्याच वर्षी फेब्रुवारीचे वेतन वेळेवर मिळाले नव्हते, त्यांची ‘स्वेच्छा’ कितपत मोकळी होती?

यांतील अनेकजण घरी टेलिफोन येण्यासाठी वर्षानुवर्षे थांबावे लागे, त्या काळात नोकरीस लागले. गल्लीत लाइनमन दिसला की आशा पालवत असे. पुढे मोबाइल आला आणि तारा जोडण्याचे त्यांच्या बोटांत मुरलेले कसब निरुपयोगी ठरू लागले.

भारत संचारच्या उत्पन्नाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग वेतनावर खर्च होतो, हा आकडा कर्मचाऱ्यांविरुद्ध वारंवार पुढे केला गेला. तो खोटा नव्हता. पण अपुरा होता. २०१६ मध्ये खासगी स्पर्धकाने स्वस्त फोर-जी सेवा आणली, तेव्हा भारत संचारकडे देशभर ती सेवा देण्याइतका स्पेक्ट्रम नव्हता. तो देण्याचा निर्णय झाला ऑक्टोबर २०१९ मध्ये, आणि तोही स्वेच्छानिवृत्तीच्याच योजनेत. उत्पन्न आटले म्हणजे वेतनाचे प्रमाण फुगणारच.

मनुष्यबळ कमी करणे कदाचित अटळ असेल. मात्र विलंबित निर्णयांची किंमत ज्यांनी ते निर्णय घेतलेच नव्हते त्यांनी मोजावी, हा न्याय नव्हे.