राउरिमूचे चक्र आणि छायाचित्रकार

न्यूझीलंडच्या उत्तर बेटात ऑकलंड व वेलिंग्टन यांना जोडणारा लोहमार्ग राउरिमूच्या दरीतून ज्वालामुखींच्या पठारावर चढतो. नॅशनल पार्क स्थानकापर्यंतचे सरळ अंतर जेमतेम साडेपाच किलोमीटर, पण चढण सुमारे २०० मीटरांची! आगगाडीला ती झेपणे अशक्य होते. १८९८ साली रॉबर्ट वेस्ट होम्स या अभियंत्याने तोड काढली. नालाच्या आकाराची तीन वळणे, एक पूर्ण वर्तुळ व दोन बोगदे यांच्या योगे मार्ग लांबवून त्याने चढ ५२ स १ इतका सौम्य केला. १९०८ मध्ये हा मार्ग पूर्णत्वास गेला. वळणापलीकडे आपल्याच गाडीचा मागचा दिवा पाहून एका चालकाने घाबरून गाडी थांबविली, अशी आख्यायिका आहे.

या चक्राचे छायाचित्र घेणे मात्र कठीण. झाडी व टेकड्या आड येतात. जमिनीवरून एखादेच वळण हाती लागते. संपूर्ण आकृती दिसते ती विमानातून. व्हाइट्स एव्हिएशनची जुनी हवाई चित्रे म्हणूनच मोलाची वाटतात. परंतु तितक्या उंचीवरून माणूस दिसत नाही!

शाळेत असे चित्र दाखविताना मी मुलांना प्रथम विचारतो, "ही वाट कोणी खोदली?" येथे मजुरांच्या टोळ्या सहकारी पद्धतीने सरकारकडून थेट काम घेत. आपल्या पूर्वजांच्या सह्याद्रीत, १८५६ ते १८६३ या काळात, बोरघाटाचे २५ बोगदे खोदले गेले. १८६१ मध्ये तेथे ४२,००० हून अधिक माणसे राबत होती. पटकीने कित्येक दगावले. घाटाची चित्रे आज सर्वत्र आढळतात. त्या माणसांची नावे कोठे आढळतात?

त्याच सुमारास मुंबई बंदरातून मराठी मजूर मॉरिशसला जात होते. तेथे १८६७ च्या कायद्याने करार संपलेल्या मजुरांच्या परवान्यावर छायाचित्र लावणे सक्तीचे झाले. हेतू पाळत ठेवण्याचा. परंतु त्यामुळेच कित्येकांचे चेहरे मोका येथील महात्मा गांधी संस्थेच्या दप्तरात सुरक्षित राहिले. एकीकडे श्रम दिसतात, चेहरा नाही. दुसरीकडे चेहरा दिसतो, श्रम नाहीत.

म्हणून वाचकबंधुभगिनींना एवढीच विनंती. राउरिमूस अवश्य जा, चित्रे घ्या. पण घरातील जुन्या चित्रांच्या पाठीवर नाव, गाव व केलेले काम आजच लिहून ठेवा. सांगणारी वडीलधारी मंडळी आहेत तोवरच हे साधेल.