पेटीची किल्ली कोणाकडे?

आमचा प्रौढांचा वर्ग रात्री आठला भरतो. एके दिवशी वर्ग सुटल्यावर एक बाई मागे थांबल्या. त्या बाजारात भाजी विकतात. त्यांचा पंधरा वर्षांचा मुलगा मोठ्या पोरांच्या नादी लागून चोरीत सापडला होता. त्याला निरीक्षणगृहात ठेवले होते.

बाई म्हणाल्या, "गुरुजी, चुकलं पोरगं, कबूल आहे. पण तिथं त्याला मारलं, उपाशी ठेवलं, तर आम्हाला कळणार कसं? भिंत केवढी उंच हाये!"

बाईंचा प्रश्न साधा आहे, पण मोठा आहे. आज आपण त्याचे उत्तर समजून घेऊ.

आधी निरीक्षणगृह म्हणजे काय ते पाहू. अठरा वर्षांच्या आतील मुलावर गुन्ह्याचा आरोप आला, तर त्याला पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. पोलिसांनी त्याला चोवीस तासांच्या आत बाल न्याय मंडळापुढे न्यायचे असते. प्रवासाचा वेळ त्यात धरत नाहीत. या मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन समाजसेवक असतात. त्या दोघांत एक स्त्री असावीच लागते. चौकशी चालू असेपर्यंत मुलाला जेथे ठेवतात, ते निरीक्षणगृह. ही जागा मुलाला सुधारण्यासाठी आहे, छळण्यासाठी नव्हे.

पण वाचकहो, दार बंद झाले की आत काय चालते ते बाहेर दिसत नाही. आतला माणूस चांगला असला, तरी कोणी पाहणारे नसेल, तर त्याचा हात सैल सुटतो. हे मी दुसऱ्याचे सांगत नाही, माझेच सांगतो.

मी मुख्याध्यापक होतो. तपासणीला साहेब येणार, असे पत्र आधी यायचे. मग आम्ही भिंतींना चुना लावायचो. पाण्याचा माठ घासायचो. ज्या मुलाच्या हातावर छडीचे वळ असतील, त्याला मागच्या रांगेत बसवायचो. साहेब खूश होऊन जायचे. एकदा मात्र साहेब न कळवता आले. त्यांनी आम्हाला वर्गाबाहेर थांबायला सांगितले आणि ते मुलांशी बोलत बसले. एका मुलाने वळ दाखवले. ते वळ माझ्या छडीचे होते.

त्या दिवशी मला फार राग आला. रात्री मात्र झोप आली नाही. दुसऱ्या दिवसापासून छडी कपाटात गेली. तपासणी म्हणजे काय, ते मला तेव्हा समजले. पाहणारा बाहेरचा हवा. तो न सांगता आला पाहिजे. आणि त्याने मुलाशी एकट्याने बोलले पाहिजे.

जगातील देशांनीही हेच मानले आहे. बंदिस्त ठेवलेल्या मुलांसाठी संयुक्त राष्ट्रसंघाने १९९० साली नियम केले. त्यांत म्हटले आहे की, तपासणारा त्या संस्थेच्या कारभारातला नसावा आणि त्याला अचानक जाण्याचा अधिकार असावा.

आपल्याकडची एक जुनी गोष्ट बघा. १८८२ साली टिळक आणि आगरकर यांना मुंबईत डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. सुटल्यावर आगरकरांनी त्या दिवसांवर पुस्तक लिहिले, म्हणून आतले हाल लोकांना कळले. आगरकर शिकलेले होते. चौथीत शाळा सोडलेले पोर पुस्तक कुठून लिहिणार? त्याच्यासाठी बाहेरच्याने आत गेले पाहिजे.

असे एक काम मुंबईच्या पत्रकार शीला बारसे यांनी केले. तेव्हा देशातल्या अनेक तुरुंगांत लहान मुले मोठ्या कैद्यांबरोबर कोंडलेली होती. शीलाताईंनी त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. १९८६ साली न्यायालयाने न्यायाधीशांना सांगितले की, तुरुंगांत जाऊन मुले किती आहेत ते पाहा आणि कळवा. मुलांना तुरुंगात ठेवू नये, असेही बजावले. त्याच वर्षी संसदेने मुलांसाठी साऱ्या देशाचा बाल न्याय कायदा केला. पुढे २००० साली आणि मग २०१५ साली नवे कायदे झाले.

आता २०१५ च्या कायद्याने कोणाकोणाला पाहायला सांगितले आहे, ते पाहू.

पहिले, बाल न्याय मंडळ. त्याने अशा गृहांना महिन्यातून निदान एकदा भेट द्यायची.

दुसरी, तपासणी समिती. ही सरकार नेमते. तिने तीन महिन्यांतून एकदा तरी जायचे. निदान तिघांनी मिळून जायचे. त्यांत एक स्त्री आणि एक डॉक्टर हवाच. भेटीनंतर आठवड्याच्या आत अहवाल द्यायचा.

तिसरा, बालहक्क आयोग. २००५ च्या कायद्याने त्याला अशी गृहे तपासण्याचा अधिकार दिला आहे. महाराष्ट्रातही असा राज्य आयोग आहे.

गृहातील माणसाने मुलाला शिस्तीच्या नावाखाली मारले, तर तो गुन्हा आहे. पहिल्या वेळी दहा हजार रुपये दंड. पुन्हा केले, तर तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही.

आणखी एक लहानशी, पण मोलाची गोष्ट आहे. केंद्र सरकारच्या २०१६ च्या नमुना नियमांप्रमाणे प्रत्येक गृहात मुलांसाठी सूचना-पेटी हवी. ती कचेरीपासून दूर आणि मुलांच्या खोल्यांजवळ हवी. तिची किल्ली व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षाकडे असावी. दर आठवड्याला मुलांच्या प्रतिनिधींसमोर पेटी उघडावी. किल्ली ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याच्याच खिशात असेल, तर चिठ्ठी कोण टाकील?

पण कायदा काही आपल्या पायांनी चालत नाही. तपासणी वेळेवर झाली का, अहवालाचे पुढे काय झाले, हे विचारणारे कोणी तरी हवे. आईबापांइतके कळकळीने कोण विचारणार? मुलाला वकील मोफत मिळतो. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. मूल संकटात असेल, तर १०९८ या क्रमांकावर फोन करावा. त्याला पैसे पडत नाहीत.

हे सारे मी बाईंना समजावून सांगितले. पुढच्या भेटीत त्यांनी मुलाला हळूच विचारले, "पेटी कुठं हाये रे?"

मुलगा म्हणाला, "साहेबांच्या टेबलापाशी."

त्या रात्री बाई वर्गात सर्वांत आधी आल्या. पाटी बाजूला ठेवून त्यांनी कागद मागितला. बाल न्याय मंडळाला अर्ज लिहायला त्यांना दीड तास लागला. दोन ठिकाणी काना चुकला, तो मी दाखवला. बाकी सारे त्यांचेच. पेटी मुलांच्या खोलीजवळ लावावी, एवढेच मागणे होते. खाली त्यांनी सही केली. अंगठा नव्हे, सही.

अर्जावर पोचेचा शिक्का घेऊन ती प्रत त्यांनी भाजीच्या पिशवीत जपून ठेवली आहे. पुढच्या भेटीला त्या पुन्हा विचारणार आहेत, पेटी हलली का?