मातीचे गुरुजी देवीप्रसाद

पोळ्यासाठी मी मातीचा बैल केला आणि ओलाच चुलीत घातला. फटकन् फुटला! आजोबा म्हणाले, "आत ओल होती. तिची वाफ झाली अन् तिनं माती फोडली." मला रडू आलं.

मग बाईंनी देवीप्रसादांची गोष्ट सांगितली. त्यांचा जन्म १९२१ चा. ते शांतिनिकेतनात नंदलाल बोसांकडे कला शिकले. १९४४ साली वर्ध्याजवळ सेवाग्रामला आले आणि १९६२ पर्यंत नई तालीमच्या शाळेत मुलांना चित्रकला अन् मातीकाम शिकवले. मुलांनी मोठ्यांची नक्कल करू नये, मनातलं करावं, असं ते म्हणत. पुढे लंडनला जाऊन त्यांनी युद्धाविरुद्ध काम केले. मातीकाम मात्र सोडले नाही. २०११ साली ते वारले.

आपला माठ एकदाच भाजतात. तो पाझरतो म्हणून पाणी गार राहते. देवीप्रसादांसारखे कलाकार भांडे बहुधा दोनदा भाजतात. पहिल्या भाजणीनंतर दगडांची पूड पाण्यात कालवून लावतात. दुसऱ्या भट्टीत ती वितळून काचेसारखी होते. मग पाणी पाझरत नाही.

माझा दुसरा बैल सावलीत वाळतोय. पोळा होऊन गेला तरी चालेल. शिंगे वाकडी झालीत, पण बाई म्हणाल्या, "राहू देत तशीच."

– इयत्ता ४ थी