परांची आणि तिच्यावरील माणूस

इमारत पूर्ण झाली की तिच्या उभारणीसाठी रचलेला तात्पुरता सांगाडा उतरवला जातो आणि त्याची आठवणही उरत नाही. परांची या नावाने ओळखला जाणारा हा सांगाडा म्हणजे उंचावर काम करणाऱ्याची जमीनच होय. गवंडी असो वा रंगारी, त्याला तेथे निर्धास्तपणे पाय रोवून उभे राहता यावे, हा तिचा हेतू असतो. ५ मीटर उंचीवरून पडणारा मनुष्य सुमारे एका सेकंदात जमिनीवर आदळतो. त्या वेळी त्याचा वेग ताशी ३५ किलोमीटरच्या आसपास असतो. सावरण्यास अवधीच मिळत नाही. म्हणून सुरक्षिततेचा विचार माणूस वर चढण्यापूर्वीच करावा लागतो.

भारतात बांबू, लाकडी बल्ल्या आणि दोर यांची परांची पूर्वापार बांधली जात आहे. मोठ्या कामांवर पोलादी नळ्या आणि क्लॅम्प वापरतात. साहित्य निराळे असले तरी तत्त्वे एकच आहेत. सर्व भार उभ्या खांबांतून जमिनीत उतरतो. माती भुसभुशीत असेल तर खांब खचतो. यासाठी नळीखाली लोखंडी बैठक आणि तिच्याखाली जाड फळी ठेवतात. विटांचे तुकडे रचून उंची साधणे धोक्याचे असते.

लांब व सडपातळ खांब चिरडण्याऐवजी बाजूला वाकून निकामी होतो. त्याच्या आधारांमधील अंतर निम्मे केले, तर अशा खांबाची वाकण्याला विरोध करण्याची शक्ती सुमारे चौपट होते. आडव्या वाशांचे महत्त्व यात आहे. चौकोन कलू शकतो, त्रिकोण कलत नाही. म्हणून तिरके आधार द्यावे लागतात. शिवाय परांची ठराविक अंतरावर इमारतीशी जखडावी लागते. बाहेरून जाळी किंवा ताडपत्री लावली की तिच्यावरील वाऱ्याचा दाब वाढतो आणि ही जखडण अधिकच आवश्यक ठरते. कामाच्या आड येतो म्हणून एखादा आधार काढला, तरी परांची तत्काळ कोसळेलच असे नाही. ती उभी दिसते, आणि हा देखावाच घातक ठरतो.

काम करण्याच्या फळ्या एकमेकींना भिडलेल्या व पक्क्या बांधलेल्या असाव्यात. कडेला कठडा हवा आणि फळीलगत उभी पट्टी हवी; पहिला माणसाला अडवतो, दुसरी वीट किंवा हत्यार खाली पडू देत नाही. शिडी दर चार मीटर उंचीस एक मीटर या प्रमाणात पायथ्याशी पुढे घ्यावी, तिचे टोक बांधावे आणि ते फलाटाच्या वर सुमारे एक मीटर राहावे. शिडी चढताना हात मोकळे असणे आवश्यक आहे. डोक्यावर घमेले घेऊन चढणाऱ्या स्त्रीला ही मोकळीक नसते. तिच्यासाठी कठड्याचा रुंद उतार बांधावा किंवा माल कप्पीने वर न्यावा. हा दोष तिच्या सावधपणाचा नसून योजनेचा आहे.

पडणाऱ्याला झेलण्याची साधनेही आहेत. पण त्यांना मर्यादा आहेत. अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को येथील गोल्डन गेट पूल बांधताना कामगारांच्या खाली जाळे पसरले होते. त्याने १९ जणांचे प्राण वाचवले. मात्र १७ फेब्रुवारी १९३७ रोजी कामाचा एक अवजड फलाटच निखळला, जाळे फाडून तो खाली गेला आणि १० कामगार मृत्युमुखी पडले. माणसाचा भार पेलणारे जाळे परांचीचा भार पेलू शकले नाही. जाळे आणि कमरपट्टा हे मजबूत परांचीला जोड देतात, तिची जागा घेत नाहीत.

भारतात परांची व शिड्यांच्या सुरक्षिततेसाठी भारतीय मानक ३६९६ आहे, आणि १९९६ मध्ये संसदेने बांधकाम कामगारांसाठी स्वतंत्र कायदा केला. परंतु नियमाचा उपयोग तो जागेवर पाळला गेला तरच होतो. जाणत्या व्यक्तीने परांची वापरापूर्वी, ठरावीक काळाने आणि वादळ-पावसानंतर पुन्हा तपासली पाहिजे. सैल क्लॅम्प व कुजलेला दोर बदलला पाहिजे. दोष आढळताच काम थांबवण्याचा अधिकार त्या व्यक्तीस असावा. कारण फळीवर उभ्या असलेल्या कामगाराला पायाखालची बैठक दिसत नाही. इतरांनी ती पाहिली असेल, या विश्वासावर तो वर चढलेला असतो.