पदवीनंतरचा विद्यार्थी आणि आपलें घर

इस्लामपूर हें आमचें गांव. त्याचें नांव ईश्वरपूर करण्याचा निर्णय सरकारनें २०२५ सालीं जाहीर केला. पण जुन्या माणसाच्या जिभेचें वळण लवकर सुटत नाहीं. येथें सायंकाळीं आमच्या ओसरीवर चार शेजारी येऊन बसतात. पाऊसपाणी, उसाचा दर, कोणाच्या मुलाची नोकरी, असे विषय निघतात. गेल्या वर्षीं त्यांत एका प्रश्नाची भर पडली : "मास्तर, तुमच्या पुतणीचें शिक्षण अजून चाललेंच आहे काय ?" मुलगी माझ्या धाकट्या बंधूंची. एम्. एस्सी. झाल्यावर राष्ट्रीय पात्रता परीक्षा चांगल्या रीतीनें उत्तीर्ण होऊन ती एका विद्यापीठांत पीएच्. डी.साठीं राहिली, त्यास तिसरें वर्ष लागलें होतें. "चाललें आहे," एवढेंच मी प्रत्येक वेळीं म्हणें. खरें सांगावयाचें तर तें नेमकें काय चाललें आहे, किती दिवस चालावयाचें आहे, आणि त्या मुलीचा चरितार्थ कशावर होतो, हें सारा जन्म मुलें शिकविण्यांत घालविलेल्या मला ठाऊक नव्हतें. तें कसें ठाऊक झालें, व त्यावरून आपल्यासारख्या एकत्र कुटुंबांनीं काय ध्यानांत घ्यावें, हें वाचकांस सांगावें म्हणून हा लेख.

झालें असें. दिवाळीस ती घरीं आली नाहीं. काम आहे, असा निरोप आला. पुढें संक्रांतीच्या सुमारास तिची आई तिला भेटावयास गेली, तेव्हां एका वेळचा डबा दोन वेळां पुरवून खाणारी मुलगी तिच्या दृष्टीस पडली. सात महिने शिष्यवृत्तीचा पैसा हातीं आला नव्हता. प्रयोगाचें किरकोळ सामानही तिनें दोनदां पदरचे पैसे घालून आणलें होतें. "घरीं कां कळविलें नाहींस ?" असें आईनें विचारलें. ती म्हणाली, "घरून फोन आला कीं पहिला प्रश्न एकच असतो, कधीं संपणार ? त्याला उत्तर नसतांना वर पैसे कोणत्या तोंडानें मागूं ?" भावजयीनें घरीं येऊन हें सांगितलें, त्या रात्रीं आमच्या घरांत कोणी फारसें बोललें नाहीं. तो प्रश्न विचारणाऱ्यांत मीही होतों.

संस्कृत शिकलेल्या माणसास अशा वेळीं कौत्साची आठवण व्हावी हें साहजिक आहे. रघुवंशाच्या पांचव्या सर्गांत कालिदासानें ती कथा सांगितली आहे. वरतंतु ऋषींचा शिष्य कौत्स विद्या पुरी करून गुरुदक्षिणेसाठीं चौदा कोटि सुवर्ण मागावयास रघूकडे आला. विश्वजित् यज्ञांत सर्वस्व देऊन बसलेल्या त्या राजाजवळ अर्घ्य देण्यास मातीचें पात्र तेवढें उरलें होतें. तथापि याचक विन्मुख जाऊं नये म्हणून रघूनें त्यास दोन-तीन दिवस अग्निगृहांत राहण्याची विनंति केली आणि तेवढ्या अवधींत शब्द खरा केला. मुलांना हा सर्ग शिकवितांना रघूच्या औदार्यावरच मी भर देत असें. आतां माझें लक्ष दुसऱ्या दोन गोष्टींकडे गेलें. रिकाम्या कोशाच्या राजानें विद्यार्थ्यास थांबविलें तें दोन-तीन दिवस, सात महिने नव्हे. आणि त्याला पाहतांच राजानें प्रथम चौकशी केली ती गुरूंच्या, आश्रमांतील वृक्षांच्या व हरिणांच्या पाडसांच्या क्षेमाची. 'तुझें अध्ययन संपलें कधीं ?' येथून त्यानें आरंभ केला नाहीं.

विद्यार्थ्याच्या पोटाची सोय हा विषय महाराष्ट्रास नवा नाहीं. सेनापति दाभाड्यांच्या घरीं सुरू झालेली श्रावणमासाची दक्षिणा पुढें पेशव्यांनीं चालविली. पेशवाई गेल्यावर तिचा कांहीं भाग इंग्रज सरकारनें विद्येकडे वळविला. १८२१ सालीं पुण्यास विश्रामबागवाड्यांत संस्कृत पाठशाळा निघाली ती त्यांतूनच. एका वर्णापुरतें हें दान असूं नये, उपयुक्त विद्येसाठीं तें सर्वांस मोकळें व्हावें, अशी मागणी लोकहितवादी प्रभृति सुधारकांनीं १८४९ च्या सुमारास केली. याच दक्षिणेच्या पैशांतून पुढें 'दक्षिणा फेलो' नेमले जाऊं लागले. हुषार विद्यार्थ्यानें ठराविक वेतन घेऊन कॉलेजांत राहावें, आपला अभ्यास वाढवावा आणि खालच्या वर्गांस शिकवावें, अशी ती योजना. न्यायमूर्ति रानडे व डॉ. भांडारकर हे दोघेही तरुणपणीं असे फेलो होते. हल्लींच्या संशोधक विद्यार्थ्याचें पूर्वरूप तें हेंच.

ज्यांस असें वेतन नसे ते वार लावून किंवा माधुकरी मागून शिकत. पुण्याचें अनाथ विद्यार्थी गृह १९०९ सालीं निघालें, त्याचा आरंभही माधुकरीवरच झाला. वारांची गोष्ट आपण अभिमानानें सांगतों, आणि तींत अभिमानास्पद असें कांहीं आहेही. परंतु ताट वाढणारें घर एक सांगतें, आणि त्या ताटावर बसणारा मुलगा दुसरेंच सांगतो. आमच्या आजींच्या वेळीं मंगळवारचा वार एका विद्यार्थ्याचा असे. त्याच्यासाठीं तिनें घरांत एकच नियम घालून दिला होता : वाराच्या मुलास जेवतांना कोणीं कांहीं विचारावयाचें नाहीं, अभ्यास कसा चालला आहे, हें तर नाहींच नाहीं. 'विचारलें कीं घास अडतो,' असें ती म्हणे. लिहितां-वाचतां न येणाऱ्या त्या बाईस जें उमगलें तें तिच्या नातवास उमगावयास साठी उलटावी लागली.

शेजारच्या कऱ्हाड तालुक्यांतील टेंभूचे आगरकर एकच सदरा रात्रीं धुवून सकाळीं अंगांत घालीत, हें शाळेंतल्या प्रत्येक मुलास ठाऊक असतें. मींही तें कित्येकदां सांगितलें आहे. पण तेच आगरकर १८९५ सालीं वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षीं गेले, हें सांगतांना मी घाई करीत असें. हालअपेष्टांमुळें कोणी आगरकर होत नाहीं; त्या सोसूनही ते आगरकर झाले. हा भेद न कळल्यामुळें आपण मुलांच्या उपासमारीसही शिक्षणाचाच भाग समजूं लागतों.

हा भेद ज्यांस पुरता कळला ते कर्मवीर भाऊराव पाटील. त्यांच्या घराण्याचें ऐतवडें बुद्रुक हें गांव आमच्याच वाळवें तालुक्यांतलें. १९१९ सालीं काले येथें त्यांनीं रयत शिक्षण संस्था स्थापिली, १९२४ सालीं साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांचें वसतिगृह काढलें. मुलांच्या धान्यासाठीं त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनीं अंगावरचे दागिने दिले, शेवटीं मंगळसूत्रही दिलें. भाऊरावांनीं मुलांस काम दिलें, पण कोणापुढें हात पसरावयास लावलें नाहीं. 'कमवा व शिका' या योजनेचें मर्म हेंच : भाकरी ही भीक नव्हे, ती श्रमाची कमाई. १९४७ सालीं साताऱ्यास त्यांनीं जें छत्रपति शिवाजी कॉलेज काढलें तें याच पायावर. आणि १९६२ सालीं कोल्हापुरास स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठांतही ही योजना चालते.

आतां आजचे नियम पाहूं. ते घरांतील वडीलधाऱ्यांनींही जाणावे असे आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगानें २०२२ च्या नोव्हेंबरांत पीएच्. डी.चे नवे नियम केले. त्यांप्रमाणें हा अभ्यास तीन वर्षांच्या आंत पुरा होत नाहीं. साधारण कमाल मुदत सहा वर्षांची असून फेरनोंदणीनें आणखी दोन वर्षें मिळूं शकतात. स्त्रियांस व चाळीस टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्यांस याखेरीज आणखी दोन वर्षांची सवलत देतां येते. सबब तिसऱ्या वर्षीं 'अजून चाललेंच आहे काय ?' हा प्रश्न पेरणी झाल्याबरोबर खळें विचारण्यासारखा आहे. बाळंतपण व अपत्यसंगोपन यांसाठीं एकंदर मुदतींत २४० दिवसांपर्यंत रजा मिळूं शकते. विवाहामुळें किंवा अन्य कारणानें स्त्रीस दुसऱ्या गांवीं जावें लागलें तर, इतर अटी पाळल्या जात असल्यास, आपलें संशोधन तेथील संस्थेंत नेण्याची मुभा आहे. 'लग्न करा नाहीं तर पीएच्. डी. करा,' असें मुलीस सांगणाऱ्यांनीं हीं दोन कलमें अवश्य वाचावीं.

मार्गदर्शकासही मर्यादा आहेत. प्राध्यापकास एका वेळीं आठ, सहयोगी प्राध्यापकास सहा व सहायक प्राध्यापकास चार, यांहून अधिक विद्यार्थी घेतां येत नाहींत. विद्यार्थ्यानें दर सत्रास सल्लागार समितीपुढें जाऊन आपलें काम मांडावयाचें असतें. म्हणजे तो एका व्यक्तीच्या मर्जीवर सोडलेला नाहीं. निदान नियमाचा हेतु तसा आहे.

पैशांची गोष्ट अशी. राष्ट्रीय परीक्षेंतून निवड झालेल्या कनिष्ठ संशोधकास १ जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये व पहिल्या दोन वर्षांनंतर ४२,००० रुपये असा दर ठरला. एकंदर मुदत पांच वर्षें. अभ्यास सहाव्या वर्षांत गेला तर तें वर्ष बिनपगारी, हें घरानें आधींच धरून चालावें. बार्टी, सारथी, महाज्योति या राज्याच्या संस्थाही संशोधकांस शिष्यवृत्ति देतात, जरी तीसाठीं २०२३ व २०२४ सालीं विद्यार्थ्यांस आंदोलनें करावीं लागलीं. आमच्या गांवाशेजारीं राजारामनगरास १९८३ सालीं अभियांत्रिकीचें महाविद्यालय निघालें; तेथें किंवा अन्यत्र मान्यताप्राप्त संस्थेंत 'गेट' उत्तीर्ण होऊन एम्. टेक्. करणाऱ्यास दरमहा १२,४०० रुपये मिळण्याची तरतूद आहे. हे आंकडे ऐकून पुष्कळांस वाटतें कीं या मुलांची चैन आहे. पण संस्थेनें काम चालू असल्याची खात्री वर कळविल्याखेरीज पैसा सुटत नाहीं. एखादा कागद एखाद्या टेबलावर राहिला कीं महिने जातात. खानावळवाला मात्र महिना थांबत नाहीं.

यावर उपाय नाहीं असें नाहीं. २०२३ च्या एप्रिलांत आयोगानें तक्रारनिवारणाचे नियम केले, आणि मिळावयाच्या शिष्यवृत्तीस विलंब होणें ही गोष्ट त्यांत तक्रार म्हणूनच गणली आहे. अर्ज आल्यावर संस्थेच्या समितीनें कामाच्या पंधरा दिवसांत अहवाल द्यावयाचा. समाधान न झाल्यास विद्यार्थ्यानें पंधरा दिवसांत लोकपालाकडे जावयाचें. आणि लोकपालानें तीस दिवसांत तक्रारीचा निकाल लावण्याचा प्रयत्न करावयाचा.

आमच्या पुतणीस हे नियम ठाऊक होते. तरी तिनें अर्ज केला नव्हता. 'सरांना वाईट वाटेल' ही भीति. आम्हीं तिला सांगितलें कीं प्रथम सरांशीं मोकळेपणानें बोल, आणि मग लेखी अर्ज दे. सरांना वाईट तर वाटलें नाहींच. पैसा थांबल्याचें त्यांस कोणीं सांगितलेंच नव्हतें. अर्जाचा मसुदा करण्याचें काम मजकडे आलें. मीं जुन्या वळणानें लिहिलें, 'तरी कृपावंत होऊन माझी शिष्यवृत्ति मिळण्याची तजवीज व्हावी.' तिनें तो कागद वाचला, 'कृपावंत होऊन' हे दोन शब्द खोडले आणि म्हणाली, "काका, ही कृपा नाहीं." मी वाद घातला नाहीं. उभ्या आयुष्यांत शेंकडों वह्या मीं तपासल्या. माझी वही इतकी बरोबर कोणीं तपासली नव्हती. पांचव्या आठवड्यांत चार महिन्यांचे पैसे आले, उरलेले पुढें दोन हप्त्यांनीं आले.

पण नियम जेथें संपतो तेथें घर सुरू होतें. आम्हीं तीन गोष्टी ठरविल्या. पहिली, घरांतील प्रत्येक मिळवत्यानें दरमहा ठरलेली रक्कम एका निराळ्या खात्यांत टाकावयाची. शिष्यवृत्ति थांबली तर तिनें न विचारतां त्यांतून घ्यावें, आली तर परत ठेवावें. ती गेली कीं पुढें घरांतील दुसरें कोणी शिकेल, त्यास तें खातें होईल. दुसरी, तिच्या कामांतलें आम्हांस कळो वा न कळो, सुटीस आल्यावर एक संध्याकाळ तिनें तें सर्वांस समजावून सांगावयाचें. पहिल्या खेपेस तिच्या आजीनें विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर तिला देतां आलें नाहीं. 'हा प्रश्न समितीनेंही विचारला होता,' असें ती हंसत म्हणाली. तिसरी, 'कधीं संपणार ?' हा प्रश्न घरांत बंद.

ही तिसरी गोष्ट सर्वांत अवघड गेली. प्रथम फोनवर काय बोलावें हेंच आम्हांस सुचेना, इतका तो प्रश्न आमच्या तोंडीं बसला होता. आतां मी विचारतों, जेवलीस काय ? मग विचारतों, तुझीं तीं कांचेच्या बशींतलीं बुरशीचीं रोपें जगलीं काय ? परवां त्यांतलीं अर्धीं मेलीं, असें तिनें आपण होऊन सांगितलें, आणि मग किती तरी वेळ बोलत राहिली.

ओसरीवरचा प्रश्न अजूनही येतो. आतां मी सांगतों, "होय, चाललें आहे. तिला त्याचें वेतन मिळतें, आणि अजून तीन वर्षांची मुदत आहे."