एंटरप्रायझमध्ये माणसं किती मावतील?

१९६६ साली सुरू झालेल्या ‘स्टार ट्रेक’ मालिकेतलं एंटरप्रायझ यान २८९ मीटर लांब, आणि त्यावर माणसं ४३०. याच नावाचं खरं विमानवाहू जहाज १९६१ साली अमेरिकी नौदलात दाखल झालं. लांबी ३४२ मीटर, पण त्यावर साडेचार हजारांहून अधिक लोक राहत! मग यान इतकं मोकळं का? त्याच्या तबकडीसारख्या भागाचा व्यास सुमारे १२७ मीटर. म्हणजे एकच मजला धरला, तरी माणशी जवळपास २९ चौरस मीटर जागा. आणि मजले तर अनेक. पण जहाजाला वाटेत बंदर लागतं, हवा फुकट मिळते. यानाला श्वाससुद्धा सोबत न्यावा लागतो. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकात हजारेक घनमीटर जागेत एरवी सातच जण राहतात. त्या मानाने ४३० हा आकडा मला मुळीच कमी वाटत नाही.